दुबईत बसून दाखवलेलं हॉलंड

शनिवारी सकाळी अकराला वासिफभाईंचा फोन आला, तेव्हा रिद्धी केसांना तेल लावून बसली होती. वासिफभाई तिचे बॉस. मूळचे रत्नागिरीकडचे, शारजात त्यांची ट्रॅव्हल कंपनी होती आणि रिद्धी तिथे दोन वर्षांपासून व्हिसाचे फॉर्म भरायचं काम करत होती. सुट्टीच्या दिवशी ते सहसा फोन करत नसत.

"रिद्धी, घरी तू मराठी बोलतेस ना?"

"हो सर."

"म्हणजे सलग येतं का? दहा-पंधरा मिनिटं, न थांबता?"

 ती वाढली दुबईत, शिकली दुबईत. आई-बाबा मराठीत विचारायचे आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. सलग मराठी बोलायची वेळ तिच्यावर कधी आली होती, हे तिला आठवेना.

वासिफभाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या निवृत्त मंडळींचा बावीस जणांचा ग्रुप ॲमस्टरडॅममध्ये होता. आज त्यांची अर्ध्या दिवसाची सहल होती, शहराबाहेरच्या खेड्यापाड्यांतून. वेगळा गाइड नव्हता. कंपनीचा टूर मॅनेजर कैवल्यच त्यांना मराठीतून सगळं सांगणार होता. पण पहाटे कैवल्यच्या पोटात कळा सुरू झाल्या. मूतखडा निघाला आणि त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. आता बस हॉटेलच्या दारात उभी होती, बावीस जण आत बसले होते आणि ड्रायव्हरला हिंदी येत नव्हतं, इंग्लिशही जेमतेमच.

"तर तू फोनवरून सांगायचं," वासिफभाई म्हणाले.

"सर, पण मी हॉलंड कधी बघितलंच नाही."

"कैवल्यच्या नोट्स आहेत. सहा पानं. पाठवतो. वाचायच्या, खलास. त्यांच्यातल्या एक मॅडम आहेत, त्या फोन बसच्या माइकला लावून धरतील." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि एक ऐक. दुबईतून बोलतेय असं सांगू नकोस. वयस्कर लोक आहेत, उगीच घाबरतील. कुणी विचारलंच तर ऑफिसातून बोलतेय म्हण."

"ऑफिस कुठलं ते विचारलं तर?"

"कोण विचारतंय? यल्ला, बस थांबलीय."

रिद्धीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. आई, मनोरमा, स्वयंपाकघरात थालीपीठं थापत होती. बाबा, प्रल्हाद, नेहमीसारखे बाल्कनीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांचं घर दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, समोर ॲल्युमिनियमच्या कारखान्याची मागची भिंत. समुद्रातली वाळू ओढून किनाऱ्यावर टाकणारी जहाजं असतात, तसल्या जहाजांवर प्रल्हादांनी एकोणीस वर्षं काम केलं होतं. शेवटचं काँट्रॅक्ट दोन महिन्यांपूर्वी संपलं. तेव्हापासून ते त्या भिंतीकडे बघत बसत आणि विचारलं तर म्हणत, काही नाही.

दुबईत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, त्यामुळे व्हिडिओचा प्रश्नच नव्हता. ऑफिसच्या लाइनवरून साधा कॉल आणि बस कुठे आहे ते कळायला व्हॉट्सॲपवर त्या मॅडमच्या फोनचं लाइव्ह लोकेशन, एवढंच तिच्या हातात होतं. लोकेशनचा निळा ठिपका हॉटेलवरच चिकटून बसला होता.

कैवल्यच्या नोट्स इंग्लिशमध्ये होत्या, त्याही त्रोटक. नकाशा नव्हता. एक, दोन, तीन असे आकडे आणि पुढे डावीकडे काय, उजवीकडे काय. मध्ये दोन ठिकाणी कंसात लिहिलं होतं, इथे जोक. जोक कुठला ते लिहिलेलं नव्हतं.

"हॅलो, मी साधना," पलीकडून स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखा आवाज आला. "संघाच्या लॅबमध्ये होते मी. फोन माझ्याकडे आहे. बोला तुम्ही, सगळे ऐकतायत."

"नमस्कार. वेलकम टू द डच कंट्रीसाइड," रिद्धी म्हणाली आणि अडखळली. कंट्रीसाइडला मराठीत काय म्हणतात? "म्हणजे... इथल्या गावांमध्ये तुमचं स्वागत आहे. मी रिद्धी."

माइकमधून टाळ्यांचा आवाज आला. आई उलथणं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

बस निघाली. पंधरा-वीस मिनिटांनी शहर मागे पडल्याचं साधना मॅडमनी कळवलं, आणि रिद्धीने पहिला आकडा वाचायला घेतला. "आता तुमच्या डावीकडे एक पवनचक्की दिसेल. ती सोळाशे सालातली आहे."

 मग लांबून एक जाड, वयस्कर बाईचा आवाज आला. "पोरी, तीन पात्यांची का? पांढरी?"

"या नर्मदाकाकू," साधना मॅडमनी सांगितलं.

रिद्धीला ते नाव आठवलं. परतीच्या वाटेवर या ग्रुपचा दुबईत एक दिवस मुक्काम होता आणि त्यासाठीचे व्हिसाचे फॉर्म तिनेच भरले होते. नर्मदाकाकूंनी व्यवसायाच्या रकान्यात फक्त 'दूध' असं लिहून पाठवलं होतं.

"हो काकू, तीच असेल," रिद्धी म्हणाली.

"ह्या तर आमच्या ढालगावच्या पठारावर बी हायत. आनि सोळाशे सालच्या कशा? नव्या कोऱ्या दिसत्यात की."

रिद्धीने स्क्रीनकडे बघितलं. तिथे एवढंच होतं, पवनचक्की, डावीकडे, १६०० चं शतक. "त्या चांगल्या मेंटेन केल्या आहेत," ती म्हणाली.

"असं व्हय," काकू म्हणाल्या.

दुसरा आकडा तळ्याचा होता. "उजवीकडे एक मोठं तळं आहे. तिथे लोक बोटी घेऊन येतात."

"उजवीकडे काचेची घरं आहेत," साधना मॅडम म्हणाल्या. "लांबच लांब. आत टोमॅटो असावेत. पाणी दिसत नाही."

"कधी कधी पाणी कमी असतं," रिद्धी म्हणाली, आणि बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की ती वाट्टेल ते बोलते आहे. आपण फार पुढचं सांगतोय, बस मागे आहे, असं तिने स्वतःला समजावलं. तिने बोलायचा वेग कमी केला. ठिपका अजून हॉटेलवरच होता.

तिसऱ्या आकड्याला जुनं चर्च होतं, उंच मनोऱ्याचं. या वेळी मात्र साधना मॅडम लगेच म्हणाल्या, "हो, दिसलं. उंच आहे खरंच." पाठोपाठ मोबाइलवर फोटो काढल्याचे आवाज आले. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. रिद्धीला हायसं वाटलं. पुढे कंसात जोक होता, तो तिने सोडून दिला.

मग बस थांबली.

"का थांबली?" रिद्धीने विचारलं.

"पूल वर उचललाय. नाव जायचीय," साधना मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "रिद्धी, इथे एक गोष्ट आम्हाला कळत नाहीये."

नर्मदाकाकूंनी फोन स्वतःकडे घेतला असावा, कारण आवाज एकदम कानाशी आला. "पोरी, पानी रस्त्याच्या वर हाय."

"म्हणजे रस्त्यावर पाणी आलंय?"

"न्हाई गं. रस्ता खाली, शेतं त्याच्याबी खाली, गाया तितंच चरत्यात. आनि कालवा वर. माज्या डोस्क्याच्या वरनं नाव चाललीया. हे फुटलं तर?"

मागे आणखी दोन-तीन जण एकदम बोलायला लागले. कुणीतरी दार उघडायला सांगत होतं. रिद्धीने सहाही पानं खाली-वर केली. शेवटच्या पानावर एक कॅनॉल होता, पण त्यापुढे फक्त 'फोटो, दहा मिनिटं' एवढंच होतं.

"एक मिनिट हं काकू," ती म्हणाली. आणि मग कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून मोठ्याने म्हणाली, "बाबा, दे आर सेइंग द वॉटर इज अबव्ह द रोड. हाउ इज दॅट पॉसिबल?"

प्रल्हाद बाल्कनीच्या दारात आले. ते सगळं ऐकत होते हे तिला तेव्हा कळलं.

"असतंच," ते म्हणाले. "ती जमीन समुद्राच्या खाली आहे."

"तुम्ही सांगता?"

त्यांनी मान हलवून नको म्हटलं. पण फोनमधून आवाज वाढत चालले होते. त्यांनी खुर्ची ओढली, लॅपटॉपच्या जवळ वाकले आणि घसा साफ केला.

"नमस्कार. घाबरू नका," ते म्हणाले. "तुम्ही बसलाय ना, ते मूळचं तळं होतं. मोठं तळं. त्याच्या चारी बाजूंनी आधी बांध घातला. बांधाच्या बाहेरनं कालवा खणला. मग आतलं पाणी उपसून त्या कालव्यात चढवलं. तळं रिकामं झालं, तळाला शेतं झाली. कालवा वरच राहिला. अजून पाऊस पडला की पंप चालवून पाणी वर काढावं लागतं. रोज बघत असतात ते. फुटत नाही."

"कुणी उपसलं?" काकूंनी विचारलं.

"पूर्वी पवनचक्क्यांनी. एकापुढे एक लावायचे. पहिली थोडं वर काढणार, दुसरी आणखी थोडं."

"पवनचक्की पानी उपसाय?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं करंट करत्यात."

 मग एका माणसाने विचारलं, बांधाला मुरूम टाकतात का माती. प्रल्हादांनी सांगितलं, चिकणमाती, वरून गवत, आणि गवतावर मेंढ्या सोडतात म्हणजे पायांनी माती दाबली जाते. हे त्यांना कुणी सांगितलं होतं, रिद्धीला माहीत नव्हतं. जहाजावरचे इंजिनियर डच होते, एवढं तिला ठाऊक होतं. घरी त्यांनी यातलं कधीच काही सांगितलं नव्हतं, की तिने कधी विचारलं नव्हतं, हे आता तिला आठवत नव्हतं.

"तुमी कुठलं म्हनायचं?" काकूंनी विचारलं.

"तासगावचा."

बसमध्ये एकच गलका झाला. तासगावात कुठं, कुणाच्यातले, अमक्याला ओळखता का. मग काकू म्हणाल्या, "मग हितं कसं?"

प्रल्हादांनी रिद्धीकडे बघितलं. रिद्धीने दोन्ही हात वर केले.

"कामाला," ते म्हणाले.

पूल खाली आला, बस निघाली. आता पंधरा मिनिटांत चीज बनवणारं फार्म यायला हवं होतं. ते आलं नाही. त्याऐवजी लाकडी बुटांचं दुकान आलं आणि ते बंद होतं. नोट्सप्रमाणे ते फार्मच्या नंतर येणार होतं. रिद्धीने साधना मॅडमना फोन ड्रायव्हरकडे द्यायला सांगितलं.

ड्रायव्हरचं नाव इद्रिस होतं. ती इंग्लिशमध्ये विचारत होती, तो यस, यस म्हणत होता. मध्येच तो कुणाला तरी बाजूला सरकायला सांगताना यल्ला म्हणाला, अरबीत चला म्हणतात तसं. रिद्धी चमकली. त्याच्या घरचे मोरोक्कोचे असावेत. दुबईत शाळेत तिला आठवीपर्यंत अरबी सक्तीचं होतं आणि आठवी संपल्यावर सगळ्या वर्गाने मिळून ते विसरून टाकलं होतं. उरलेलं गोळा करून तिने विचारलं, बस कुठे चालली आहे?

इद्रिसला फार आनंद झाला. तो भरभर बोलायला लागला. त्याचं अरबी तिच्या पुस्तकातल्या अरबीसारखं मुळीच नव्हतं. एका दमात त्याने जे सांगितलं त्यातले तिला चारच शब्द कळले. तरीक, म्हणजे रस्ता. मग बंद अशा अर्थाचं काहीतरी. मग सायकल. आणि आखिर, म्हणजे शेवट.

तिने ते चार शब्द कागदावर लिहिले आणि त्यांच्याकडे बघत बसली. मनोरमा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"शेवट सायकल बंद रस्ता," आई म्हणाली. "म्हणजे काय?"

त्याच वेळी स्क्रीनवरचा निळा ठिपका हॉटेलवरून उडाला आणि भलत्याच जागी जाऊन बसला. रिद्धीने नकाशा मोठा केला, कैवल्यची गावांची नावं एकेक करून शोधली. मग त्या चार शब्दांचा अर्थ लागला. सायकलींच्या शर्यतीसाठी रस्ता बंद होता. म्हणून इद्रिसने सहल शेवटाकडून सुरू केली होती. ती पहिलं पान वाचत असताना बस सहाव्या पानावर होती. डावीकडचं सगळं उजवीकडे होतं, आणि ते सुद्धा अजून आलेलंच नव्हतं.

"खरं काय ते सांगून टाक," प्रल्हाद म्हणाले.

"सगळं?"

"निदान रस्त्याचं तरी."

तिने फोन परत माइकला लावायला सांगितला. "सॉरी," ती म्हणाली. "बस उलट्या बाजूने निघाली होती. मला आत्ता कळलं. आतापर्यंत मी जे जे सांगितलं ते सगळं चुकीचं होतं. म्हणजे कालव्याचं सोडून."

 मग साधना मॅडमनी विचारलं, "मग ते चर्च?"

रिद्धीने नकाशा मागे सरकवला, ठिपक्याची वाट उलटी धरून त्या जागी आली आणि तिथलं नाव वाचलं. तिने ते दोनदा वाचलं. "ते बहुतेक... कचरा जाळायचं केंद्र असावं."

"आम्ही हात जोडले," साधना मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या का, हे आवाजावरून कळत नव्हतं.

"सॉरी मॅडम."

"आता काय करायचं?"

 पानं उलटी वाचायची म्हटली तरी डावं-उजवं सांभाळत कुठे काय आहे ते तिला दिसणार नव्हतं. शेवटी तिला एवढंच सुचलं. "तुम्हाला काय दिसतंय ते तुम्ही मला सांगाल का? मग मी ते इथे शोधते."

सुरुवातीला फक्त साधना मॅडम सांगत होत्या, एकेक, मोजून. मग इतरांनी सुरू केलं. डावीकडं कुरण, शंभरेक गाई, काळ्या-पांढऱ्या. कुरण म्हणजे काय हे रिद्धीने आईला हळूच विचारलं. उजवीकडं पाण्याची चारी, तिच्यात बदकं. पुढं शेतात पांढऱ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले मोठाले गोळे, रांगेत ठेवलेले. ते काय असतील, रिद्धीने नोट्समध्ये शोधलं. तिथे नव्हतं.

"अगं, मुरघास," नर्मदाकाकू म्हणाल्या.

"ते काय असतं?"

बावीस जणांना हसू आलं ते तिला ऐकू आलं. मग एकाच वेळी चार जणांनी सांगितलं. हिरवी वैरण कापून, दाबून, हवा लागू न देता आंबवायची, म्हणजे हिवाळाभर गाईंना घालता येते. रिद्धीने ते नोट्सच्या बाजूला लिहून घेतलं, इंग्लिश अक्षरांत.

फार्म सापडलं तेव्हा दुबईत दोन वाजून गेले होते. थालीपीठं गार झाली होती. फार्मच्या मालकीणबाईंना इंग्लिश येत होतं, त्यामुळे फोन त्यांच्या आणि मंडळींच्या मध्ये फिरायला लागला. चीज कसं करतात हे सांगायची त्यांनी तयारी केली होती. पण मंडळी चीजकडे बघेनात. सगळे गोठ्यात शिरले.

"दुधाला फॅट किती लागतं इच्यार," काकू म्हणाल्या.

रिद्धीने विचारलं. "चार पॉइंट चार, काकू."

"परत इच्यार."

तिने परत विचारलं. तेच उत्तर आलं.

"ही काळी-पांढरी हुलस्टन गाय आमच्याकडं साडेतीनच्या वर जात न्हाई," काकू म्हणाल्या. "मी वीस वर्सं संकलन केंद्रावर दूध घेतलंय. खायाला काय घालत्यात?"

मग खायला काय, पाणी किती, कास कशी धुतात, वासरं दुधापासून कधी तोडतात, असे प्रश्न सुरू झाले. निम्म्या शब्दांचा अर्थ रिद्धीला आईला नाहीतर बाबांना विचारावा लागला, मग त्याचं इंग्लिश करावं लागलं, आणि उत्तर आलं की सगळं उलट. कास म्हणजे गाईची आचळं हे सांगताना मनोरमा जरा अवघडली. साधना मॅडमनी फॅटचं यंत्र कुठल्या बनावटीचं ते विचारलं आणि मालकीणबाई त्यांना वेगळ्या खोलीत घेऊन गेल्या. अर्ध्या तासाचा थांबा सव्वा तासाचा झाला. रिद्धीला घसा कोरडा पडल्याचं कळलंच नाही.

निघायची वेळ झाली, तेव्हा साधना मॅडम म्हणाल्या, "तुम्ही दोघं इथे कधी पोचताय?"

"कुठे?"

"इथे. फार्मवर. नर्मदाकाकू बसमध्ये चढायला तयार नाहीत. तुम्हाला भेटल्याशिवाय जायचं नाही म्हणतात. तासगावचे आहेत ना ते तुमचे साहेब."

"ते माझे वडील आहेत," रिद्धी म्हणाली.

"मग तर झालंच. या दोघंही. ऑफिस लांब आहे का?"

रिद्धीने बाबांकडे बघितलं, आईकडे बघितलं. वासिफभाईंचं बोलणं तिला आठवत होतं. पण वीस मिनिटांत पोचतो असं सांगून ती एकविसाव्या मिनिटाला काय करणार होती?

"मॅडम, आम्ही हॉलंडमध्ये नाही," ती म्हणाली. "मी दुबईत आहे. आमच्या घरी. मी तिथे कधी आलेलीच नाही. बाबापण आलेले नाहीत."

फोनमधून एक गाय हंबरली.

"हे आम्हाला सकाळी सांगायला हवं होतं," साधना मॅडम म्हणाल्या. "आम्ही काही लहान मुलं नाही."

"हो मॅडम. चुकलं माझं."

"तुमचं की तुमच्या कंपनीचं?"

 साधना मॅडमनी हे काकूंना सांगितलेलं तिला ऐकू आलं. मग काकूंनी फोन घेतला.

"चेष्टा करतीस व्हय?"

"नाही काकू, खरंच."

"तुजा बा म्हनला की कामाला हाय म्हनून."

"ते दुबईत कामाला होते."

"मग कालव्याची एवडी माहिती कशी?"

याचं उत्तर लांबलचक होतं आणि रिद्धीला ते स्वतःलाच पुरतं माहीत नव्हतं. तिने बाल्कनीत जाऊन फोटो काढला. कारखान्याची भिंत, वाळू, तीन ट्रेलर, एक खजुराचं झाड. तो साधना मॅडमना पाठवला. त्यांनी तो काकूंना दाखवला.

"ह्यो फोटू कुठलाबी आसंल," काकू म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

परतीच्या वाटेवर रिद्धीने जुनं चर्च दाखवलं, मग तळं दाखवलं. बस त्या रस्त्याने गेली तेव्हा शर्यत संपली होती. सोळाशे सालातली पवनचक्की सगळ्यांत शेवटी आली, उजवीकडे. मंडळींनी उतरून बघितली की नाही, तिला कळलं नाही. तोवर साधना मॅडमच्या फोनची बॅटरी संपली.

सोमवारी वासिफभाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. कैवल्य बरा होता, ग्रुपबरोबर पुढे निघाला होता. साधना मॅडमचं पत्र आलं होतं, दोन पानं, सुवाच्य अक्षरांत लिहून फोटो काढून पाठवलेलं. पहिल्या पानावर कंपनीने केलेली फसवणूक मुद्देसूद मांडली होती. दुसऱ्या पानावर गोठ्यातली सगळी प्रश्नोत्तरं होती आणि खाली, दुभाषी म्हणून रिद्धीचे आभार.

"ही कंप्लेंट आहे की थँक्यू?" वासिफभाईंनी विचारलं. त्यांनी ते तीनदा वाचलं होतं.

"दोन्ही असेल सर."

"मग रिप्लाय काय द्यायचा?" ते कपाळ चोळत म्हणाले. "मी तुला गप्प बसायला सांगितलं, ती माझी गलती. पण सांगितलं असतं तर ते बसमधून उतरले असते, नाही का?"

 रिद्धीने घरी आईला विचारून मराठीत माफीचं पत्र लिहून दिलं. दोन ओळींत बसलं.

गुरुवारी ग्रुप दुबईत पोचला. देरा भागातल्या हॉटेलच्या लॉबीत रिद्धी गेली, प्रल्हादही आले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. साधना मॅडम उंच, सडपातळ निघाल्या. रिद्धीच्या डोळ्यांसमोर उगीचच ठेंगणी बाई होती. त्यांनी पत्राचा विषय काढला नाही, नुसता हात हातात घेतला. नर्मदाकाकू सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. आवाजावरून ओळख पटली तसा त्यांनी चष्मा वर केला.

"तू हिकडं कदी आलीस?"

"मी इथेच असते काकू. इथेच वाढले."

"आनि तिकडं?"

"तिकडे मी कधीच गेले नाही."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग प्रल्हादांकडे बघितलं. त्यांनीही मान हलवली. काकूंनी बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि ते अर्ध्यावर सोडून दिलं.

"म्हंजी त्यो देश तू बघितलाच न्हाईस."

"नाही."

"मग बस की. हुभी का?" काकूंनी पाय खाली घेऊन सोफ्यावर जागा केली. "तुमीबी बसा हो तासगावकर. मी सांगते. चौथ्या दिवशी कैवल्यनं आमाला एका दुसऱ्याच गावाला नेलतं, तितं तर आनिक गम्मत..."

साधना मॅडम मध्येच म्हणाल्या, चौथ्या नाही, पाचव्या दिवशी, आणि तो देश हॉलंड नव्हता, बेल्जियम होता. काकूंना ते मान्य नव्हतं. प्रल्हादांनी विचारलं, तिथे पाणी कुठल्या बाजूला होतं. दोघींनी दोन वेगळ्या दिशांना हात केले, आणि रिद्धी त्या दोन हातांच्या मध्ये बसली.